गोठ्यातला पंखा

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण पेठेत माझ्या शब्दाबाहेर कोण जात न्हवतं. रोज संध्याकाळी दाराम्होरं म्हस उभी करायची, गिऱ्हाईकाच्या डोळ्यादेखत धार काढायची आणि फेसाळ पेला तिथंच हातात द्यायचा. बापानं हेच केलं, मी बी हेच करतो.

औंदा महापालिकेनं नवी योजना काढली, चार-पाच घरं एकत्र येऊन पाडली तर वर जादा मजले बांधायला मिळतील. पेठेत माणसं मावंनात म्हणं. कुणाची हरकत असंल तर सुनावणीला या. मी गेलो, म्हशीला घेऊनच. शिंगं रंगवली, पाठीवर झूल टाकली, फाटकाला बांधली आणि आत जाऊन साहेबाला म्हणालो, "हिला चढवून दावा की तुमच्या पाचव्या मजल्यावर!"

सगळी हसली. मी मिशीवर हात फिरवतोय तवर मागनं बाईचा आवाज आला. "साहेब, मला बी बोलायचंय."

वळून बघतो तर आमची सून! घरात माझ्याम्होरं मान वर करत न्हाय ती.

"मामांचं खरं हाय, म्हस जिना चढत न्हाय," ती म्हणाली. "पण आम्ही सहा माणसं दोन खोल्यांत. पोरगी अभ्यासाला शेजारी जाऊन बसती. मोठी जागा गोठ्याला, पंखा बी गोठ्याला. मला वरचं घर पायजे."

आता कोण हसलं न्हाय. जन्मभर माझ्या दारात दूध प्यालेला शेजारी तेवढा बोलला, "बसा की आता, पावणं!"

परक्या माणसाला म्हणत्यात तसं मला पावणं म्हणाला. माझ्या पेठंत!

फाटकाची म्हस सोडली, तिला घेऊन घरी आलो. गोठ्यात पंखा फिरतच होता. उन्हाळ्यात म्हशी आटू नयेत म्हणून मीच लावलेला. मग चुलीकडच्या खोलीत जाऊन मान वर केली. माळा डोक्याला लागायच्या बेतात. पंखा लावायला तिथं उंचीच न्हाय. इतकी वर्षं त्या खोलीत जेवलो, पण कधी वर बघितलंच न्हवतं.

सून आली. ताट वाढलं, मी जेवलो.

घर पाडायच्या कागदावर सही अजून दिलेली न्हाय मी. कुणी इचारायचं बी न्हाय. पण काल नदीपल्याड गोठ्याला एक जागा बघून आलोय. घरात सांगितलेलं न्हाय. वारं चांगलं हाय तिथं, पंखा लागणार न्हाय.