काळ्या दगडाची चकती

बारामतीच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतो. त्यातलं एक असं : पितळेच्या दोन चकत्यांमध्ये एखाद्या पदार्थाची पातळ चकती ठेवायची, वरून वाफ सोडायची आणि दोन्ही चकत्यांत खोचलेल्या थर्मामीटरमधला पारा हलायचा थांबेपर्यंत बसून राहायचं. मग तो पदार्थ किती वेगाने उष्णता पुढे देतो ते काढायचं. पोरांना त्या बसण्याचा भारी कंटाळा. मला बरं वाटतं, तेवढा वेळ कुणी काही विचारत नाही.

कॉलेजच्या पेटीत काच होती, पुठ्ठा होता. काळ्या दगडाची चकती मात्र मी डाळजच्या एका पाथरवटाकडून घासून आणली, आणि ती वडिलांपायी.

आमचे वडील, म्हणजे तात्या, मोरगावकडच्या कोरडवाहू गावात राहतात. शुगर जुनी. दर मंगळवारी भर दुपारी ते गावच्या देवळाला अनवाणी प्रदक्षिणा घालायचे. आवारात काळी फरशी. उन्हाळ्यात तिच्यावर गोणपाट अंथरतात, तरी बायापोरं पळतच जातात. तात्या गोणपाट सोडून मुद्दाम फरशीवरून चालायचे, सावकाश. "काय बी लागत न्हाय," म्हणायचे. लोक हात जोडायचे. "तात्यांवर देवाची किरपा हाय." आईसुद्धा कौतुकाने सांगायची. माझं डोकं फिरायचं. शुगरने पायांची जाणीव गेली होती आणि सगळा गाव तिला कृपा म्हणत होता.

चकतीचं गणित झाल्यावर मी गावी गेलो. म्हणालो, "तात्या, गोणपाट आणि फरशी, दोन्ही उन्हात तापतात. पण दगड आतली उष्णता भराभर पायात सोडतो, गोणपाट सोडत नाही. तुम्हाला कळत नाही एवढंच. कातडी भाजतेच."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्या कालिजातला दगुड येगळा," ते म्हणाले, "आन् देवाच्या दारातला येगळा."

मी चिडून जाड मोजे आणून दिले. देवळात मोजे कसे चालतील, म्हणून आईने ते घडी घालून ट्रंकेत ठेवले.

वैशाखात एका सकाळी आईला त्यांच्या अंथरुणावर ओला डाग दिसला. तळव्याची कातडी सुटून आली होती. "दुखत तर न्हाय," तात्या म्हणाले. बारामतीच्या दवाखान्यातही ते हेच सांगत राहिले, पाय काळा पडेपर्यंत. शेवटी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुसरा सांभाळा, एवढंच डॉक्टर म्हणाले.

परवाच्या मंगळवारी ते देवळात न्या म्हणून हटून बसले. मी चाकाच्या खुर्चीतून नेलं. लोक होते, पण हात कुणी जोडले नाहीत. फरशीपाशी आल्यावर तात्यांनी खुर्ची थांबवायला लावली.

"चप्पल काढ माझी."

"कशाला?"

"चालत न्हाय मी. नुसता टेकवतो. भाजतंय का बघू दे."

त्यांनी डोळे मिटले होते. मी खाली बसलो, चप्पल काढली आणि पाय टेकायच्या आत माझा तळहात मध्ये घातला. खाली फरशी, वर त्यांचा पाय. हाताची आग आग होत होती. पाय फरशीवरच आहे असं धरून ते वाट बघत राहिले.

"न्हाय रं," ते म्हणाले. "काय बी लागत न्हाय."

हेच वाक्य ते अभिमानाने सांगायचे. आता ते सांगताना रडत होते, आणि माझ्याने हात काढवत नव्हता.