वाऱ्यातलं तळं आणि बाबांचा गळ

मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट संपता संपेनात आणि मागच्या सीटवर बाबा गप्पच. समीर, माझा नवरा, गाडी चालवत होता. आई जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध आटोपून बाबा मालवणहून आमच्याकडे इंग्लंडला आले, ते मासे खाणं सोडूनच. लोक काशीला जाऊन एखादी नावडती भाजी सोडतात. यांनी घरबसल्या सगळ्यात लाडकी गोष्ट सोडली. ज्या माणसाला सोमवारचा उपास शिक्षा वाटायची, तो आता रोज वरणभात चिवडत होता आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता. मला भीती वाटू लागली होती, खरंच.

म्हणून हा वेल्सचा घाट. बाबा पूर्वी खडपावर (समुद्रकाठच्या खडकांवर) बसून गळ टाकायचे. स्वतः पकडलेला मासा समोर आला की विरघळतील, असा माझा हिशेब. डिकीत स्टोव्ह, तवा, रवा आणि मालवणी मसाला लपवला होता.

"तू बाबांना पिकनिकला नेतेयस की ट्रॅपमध्ये?" हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबलो तेव्हा समीर कुजबुजला.

मी त्याला कॉफी आणायला पिटाळलं.

वाटेतल्या गावात पोस्टातून मासेमारीचं लायसन घेतलं. बाबांची सगळी नोकरी पोस्टात गेली. लायसन पोस्टात मिळतं हे बघून ते प्रवासात पहिल्यांदा बोलले, "आणि आम्ही जन्मभर तिकिटंच विकत बसलो."

डोंगरांमध्ये शिरलो तशी माणसं कमी आणि मेंढ्या जास्त दिसू लागल्या. आम्ही मुक्कामाला उतरलो त्या बी अँड बीचे मालक ग्विन म्हणून सत्तरीचे गृहस्थ होते. सकाळी त्यांनी आम्हाला घरामागच्या 'लिन'वर (वेल्श भाषेत तळं) नेलं. पाणी करडं, वारा असा की टोपी हातातच धरावी. इथे पर्च मिळतो, हिरवट अंगावर काळे पट्टे असलेला वीतभर मासा. त्यासाठी जिग, म्हणजे शिशाचा मणी आणि रबरी शेपटी असलेला इवलासा गळ. तो इतका हलका की वारा त्याला वाटेल तिकडे नेई. समीरचा पहिला जिग त्याच्याच जंपरच्या पाठीत रुतला.

"बाबा, हसू नका हां, इट्स रिअली विंडी!"

बाबा हसले नव्हते. पण त्यांनी रॉड हातात घेतला, त्याचं टोक पार पाण्याजवळ नेलं आणि दोरा तर्जनीवर धरला. "दोरा वाऱ्याला द्यायचा नाही," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळाने बोट थरारलं. लाल परांचा पर्च वर आला.

"सुंदर!" ग्विन म्हणाले. "आता हात ओला करून धरा आणि अलगद परत सोडा."

"परत?" मी विचारलं.

"इथल्या मासेमारी क्लबचा नियम आहे. इथला प्रत्येक मासा परत पाण्यात."

माझा तवा डिकीतच राहिला. पडलेल्या चेहऱ्याने मी बाबांना मराठीत सगळं सांगितलं.

"म्हणजे हा कुणाच्याच ताटात जायचा नाही?"

"नाही."

बाबांनी मासा पाण्यात धरला. तो शेपटी हलवून निसटला. "मग बरं आहे. पकडून घरी नेला तर साफ करायला ती नाही, म्हणून मी गळच ठेवून दिला होता गो. इथे घरी न्यायचाच प्रश्न नाही."

मग ते जागचे हलेचनात. वाऱ्याने आमचे कान बधिर झाले, ग्विननी दोनदा चहा आणला, आणि बाबा पकडत होते, सोडत होते, बोलत होते. आईबद्दल बोलत होते, वर्षानंतर प्रथमच.

"ती इथे असती ना, तर या ग्विनशी भांडली असती. 'एवढा सोन्यासारखा मासा पाण्यात टाकता, लाज नाही वाटत?' मराठीतच भांडली असती."

ते मोठ्याने हसले, आणि हसता हसता रडले. मी त्यांचा हात धरला. मलाही आईची अनावर आठवण येत होती, आणि तरी फार बरं वाटत होतं.

घरी परतलो. दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमध्ये बाबा मासळीच्या काउंटरपाशी थांबले. "बांगडे घे."

"तुम्ही खाणार?"

"मी नाही. तुम्ही खा. मी आल्यापासून तू घरात मासा केला नाहीस, कळत नाही का मला? माणसाने एकट्याने सोडावं, घरादाराला सोडायला लावू नये."

संध्याकाळी ते खुर्ची ओढून ओट्याशी येऊन बसले. त्यांना खायला लावायचं म्हणून मी वेल्सपर्यंत गेले होते, आणि त्यांना हवं होतं ते असं चुलीजवळ बसणं. तव्यातला बांगडा उलटायला मी उलथनं उचललं.

"थांब, थांब. तुझी आई कड सुटेपर्यंत हात लावायची नाही."

मी थांबले. कड सुटल्यावर त्यांनी मान हलवली, मग मी तो उलटला. जेवताना बाबांनी वरणभातच घेतला. मात्र भात दुसऱ्यांदा मागून घेतला.