वर्षाच्या आत

वडील पौषात गेले. तेराव्याची जेवणं उरकल्यावर थोरले काका ओट्यावर बसले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "आता पोरीचं वर्षाच्या आत करावं लागंल. नायतर मग तीन वर्षं नाय."

आमच्याकडे तशी रीत आहे. घरातलं कर्तं माणूस गेलं, की राहिलेलं लग्न वर्ष भरायच्या आत उरकायचं. वर्ष उलटलं तर पुढची तीन वर्षं दारात मांडव घालायचा नाही. काका कठोर नव्हते. भावाच्या मागे आपल्यावर जे आलं ते वेळेत पार पाडावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी आत आईजवळ बसले होते. ते ऐकून आईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तेव्हा चार वर्षांच्या पदवीच्या शेवटच्या सत्रात होते. विषय इतिहास. नव्या पद्धतीत चार वर्षांची पदवी असलेल्याला पहिलं वर्ष गाळून एम.ए. एका वर्षात करता येतं. हवं असेल तर पहिल्यापासून दोन वर्षांचंही करता येतं, पण हातात आलेलं वर्ष सहसा कुणी सोडत नाही. वडील आजारी पडायच्या आधी मीही सोडणार नव्हते.

उन्हाळ्यात एक स्थळ आलं. माणसं मूळची वैजापूरकडची, मुलगा पुण्याला कंपनीत. मुलाच्या वडिलांनी समजूतदारपणे सांगितलं, लग्न दिवाळीनंतर करू, मुलीनं मेपर्यंत माहेरी राहून एम.ए. पुरं करावं, मग पुण्याला यावं. वर्ष भरायच्या आत लग्न, आणि वर्षभरात शिक्षण. काका खूश झाले. "देवानंच टाइमटेबल लावून दिलंय," ते म्हणाले.

मुलगा मला आवडला, हे सांगून टाकलेलं बरं. आम्ही फोनवर बोलायचो. एकदा मी त्यांना म्हटलं, एका वर्षात मला झेपेल की नाही कळत नाही.

"मी चार वर्षांचं इंजिनिअरिंग पाच वर्षांत केलं," ते म्हणाले. "घरात एक जण तरी वेळेच्या आधी पास होऊ द्या."

वडील गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. झेपण्याचं मी म्हटलं खरं, पण मला म्हणायचं होतं ते दुसरंच काही होतं, आणि ते काय हे मला स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं.

ते नेमकं शब्दात आणलं आमच्या विभागातल्या मॅडमनी. प्रवेशाची मुदत शनिवारपर्यंत होती. मी त्या आठवड्याच्या सोमवारी त्यांच्याकडे गेले.

"मार्कांचं विचारत असशील तर जमेल," त्या म्हणाल्या. "पण एका वर्षाच्या अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यात विषय द्यावा लागतो. दिवाळीपर्यंत मुलाखती संपवायच्या, मग लिहायला बसायचं. ज्याचा विषय आधीच तयार आहे, त्याच्यासाठी ते उत्तम आहे. तुझा विषय दिवाळीपर्यंत संपतो का?"

माझा विषय होता पोलीस ॲक्शननंतरचे महिने, म्हणजे १९४८ साली लष्करानं निजामाचं राज्य संपवल्यावर मुसलमान घरांवर हल्ले झाले ते दिवस. करमाडच्या आसपासच्या गावांतून तेव्हा कोण निघून गेलं, कोण परत आलं, आल्यावर कसं राहिलं. तेव्हा लहान असलेली काही माणसं अजून आहेत. फार नाहीत.

"कागदांवरचा विषय घेतलास तर वर्षात होईल," मॅडम म्हणाल्या. "कागद वाट बघायला लावत नाहीत. आधी एकदा जाऊन ये, मग ठरव."

काका मला मोटरसायकलवर घेऊन गेले. करमाडच्या पुढे, फाट्यावरून आत एका गावात, त्यांच्या ओळखीच्या माणसाच्या घरी. त्याची आई पोलीस ॲक्शनच्या वेळी आठ-नऊ वर्षांची असावी. त्या अंगणात बाजेवर बसल्या होत्या. दोन शेळ्या होत्या, त्यांच्याकडेच त्यांचं लक्ष. काका बाहेर बाकीच्यांशी बोलत बसले. मी प्रश्न लिहून नेले होते. पहिलाच विचारला, तेव्हा तुम्ही केवढ्या होता?

"याद नै मां," त्या म्हणाल्या. "चाय पी."

मग गुडघ्याचं सांगितलं. शेळीनं सुनेची ओढणी खाल्ली ते सांगितलं. मी पुन्हा तिकडे वळवायला गेले की त्या शेळीला हाक मारायच्या. शेवटी त्यांनीच मला विचारलं, "तेरे बाप क्या करते?"

"कंपनीत होते," मी म्हटलं.

त्यांनी ते 'होते' बरोबर ऐकलं. "कब गए?"

"पौषात. आता बरं आहे सगळं."

हे मी तेव्हा सगळ्यांनाच सांगायचे. भेटायला येणारे विचारायचे, आणि मी म्हणायचे, बरं आहे सगळं. त्यात खोटं बोलण्याचा हेतू नसायचा. खरं सांगायला तोंडात शब्दच नसायचे, आणि समोरच्याला निघायचं असायचं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हां. मैं भी ऐसाच बोलती सबको."

मग त्या पुन्हा शेळ्यांकडे वळल्या. निघताना मी विचारलं, पुन्हा येऊ का? "आव की," त्या म्हणाल्या, "कौन रोकता."

वाटेत काकांनी विचारलं, "बोलली का काही?"

"नाही."

"येवढा येळ बसलीस की."

"एका दिवसात कोण बोलतंय, काका."

फाट्यापाशी त्यांनी गाडी थांबवली, पण उतरले नाहीत. "दुसरा विषय नाय का भेटत? मुक्तिसंग्रामाचं लिही. त्याला कोणी नाय म्हणणार नाय."

"याला कोण नाही म्हणतंय?"

"म्हणत नाय कोणी," काका म्हणाले. "सगळ्यांना ठावं हाय, अन् म्हणत कोणी नाय. हितं आपलं शेत हाय, माय. आपल्याला रोज हितनंच जायचं असतं."

शहराजवळ मुकुंदवाडी येईपर्यंत काकांच्या पाठीमागे बसून मी हिशेब मांडत होते. कागदांवरचा विषय घेतला तर वर्षात एम.ए. होतं, लग्न होतं, काका मोकळे होतात, फाट्यावरून जाताना त्यांना मान खाली घालावी लागत नाही. त्यात वाईट काही नव्हतं. माझ्या वर्गातल्या एकीनं तेच केलं आणि चांगलं केलं, तिचे कागद आधीपासून जमवलेले होते. मलाही जमलं असतं. फक्त त्या बाजेवरच्या बाईंना मी पुन्हा कधी भेटले नसते.

आई भाकरी थापत होती. मी सांगितलं, पहिल्या वर्षापासून करते म्हणून.

"मंग स्थळ?"

"जाईल. सून दोन वर्षं माहेरी कोण ठेवतंय."

"तुला आवडला होता ना?"

"हो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "तीन वर्षं म्हंजी लपायला जागा गावली, असं समजू नको. लोक तुला नाय विचारणार, मला विचारतील."

"काय सांगशील?"

"शिकतीय म्हनंन. परत विचारलं तर परत सांगंन." मग भाकरी उलटताना, "काकांना तू सांग. त्ये मी नाय सांगणार."

काकांना मी सांगितलं. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि "बरं" म्हणाले.

मग त्या मुलाला फोन केला. "दोन वर्षांनी रजिस्टर करू," ते म्हणाले. "मांडवच नाही तर रीत कुठं मोडते?" माझ्या घरी हे चाललं असतं की नाही, ते कळलंच नाही. त्यांच्याच घरी चाललं नाही. आठवड्यानं त्यांच्या वडिलांचा काकांना फोन आला.

प्रवेशाच्या खिडकीवरच्या माणसानं माझी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. "चार वर्षांची डिग्री आहे ना? मग पहिल्या वर्षाला कशाला?" मी म्हटलं, पहिल्याच वर्षाला. मागे रांग होती, त्यानं पुढे विचारलं नाही.

दिवाळीपर्यंत एका वर्षवाल्यांच्या मुलाखती संपत आल्या होत्या. मी बसनं त्या गावाला जात होते, काकांनी पुन्हा गाडी काढली नव्हती. तुळशीच्या लग्नानंतर त्या मुलाचं लग्न झाल्याचं कानावर आलं. त्याच आठवड्यात मी बाजेशेजारी बसले होते. काही विचारलेलं नव्हतं. समोर कापलेल्या बाजरीचं रान होतं, आणि त्या तिकडे बघत म्हणाल्या, "उस साल बाजरा भोत ऊँचा था. हम सब उसमें बैठे थे."

मग त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला.

तेवढं एकच वाक्य घेऊन मी परत आले. पुढचं त्या सांगतील का, आणि त्याला दोन वर्षं तरी पुरतील का, हे मला ठाऊक नव्हतं.