धुराड्यावरून दिसणारं घर

गावात त्यांना सगळे वरचे मिस्त्री म्हणायचे. धातू वितळवायच्या कारखान्याचं धुराडं म्हणजे त्यांचा अर्धा संसार. विटा निसटल्या, लोखंडी पट्टे सैल झाले, वीज पडू नये म्हणून लावलेली तांब्याची पट्टी उखडली, की मिस्त्री कमरेला दोर बांधून वर. "आमच्या मिस्त्रींची सगळी वरची कमाई, आणि तरी माणूस प्रामाणिक," असं कारखान्याचा पहारेकरी येईल त्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा. मिस्त्री हसायचे नाहीत. बायको गेल्यापासून त्यांचं हसणं आटलंच होतं म्हणा ना.

गाव होतं खोलगट. कढईच्या तळाशी बसावं तसं बसलेलं, आणि धुराडं जुन्या काळचं, बुटकं. थंडी पडली की धूर वर जायचं नावच काढायचा नाही, गल्लीबोळांत मुक्काम ठोकायचा. जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव यायची. वाळत घातलेले कपडे पिवळट व्हायचे, खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की बोट काळं. मिस्त्रींच्या बायकोला आधी जिना चढवेना, मग एका दमात वाक्य पुरं करता येईना, मग एका सकाळी मिस्त्री चहा घेऊन गेले तर चहा प्यायला ती नव्हती. त्यानंतरही मिस्त्री धुराड्यावर चढत राहिले. पोटाला लागतं, दुसरं काय करणार? पण मनाशी एक गाठ त्यांनी पक्की मारली. लेकीची छातीही आईवरच गेली होती. लेकीला या गावात ठेवायचं नाही.

म्हणून स्थळं बघायला लागले तेव्हा माणसानं काय बघावं? मुलाचं शिक्षण, सासूचा स्वभाव, घरदार. मिस्त्रींनी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या चढावर असलेल्या वाडीतलं एक स्थळ बघितलं, आणि मुलाकडचे चहाचा आग्रह करत असताना हे उठले आणि खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून आले. बोट स्वच्छ होतं. घरी आल्यावर लेकीनं लाजत विचारलं, "कसे आहेत?" मिस्त्री म्हणाले, "हवा चांगली आहे." ही गोष्ट पुढे जावई सगळ्यांना सांगायचा, की मला नाही, माझ्या खिडकीला पसंत केलं. पोरगा खरंच भला होता. रोपवाटिका होती त्याची, हात कायम मातीत. लेक तिथं रुळली, एक गोड पोरगी झाली, आणि मिस्त्रींना वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातून नीट झालं.

मग देशभर हवेचा नियम आला. आता नियमांना नावं ठेवायची आपल्याला सवयच असते, पण हा नियम वाईट नव्हता. माणसं खोकून मरतात हे राजधानीत कुणाच्या तरी मनाला लागलं असणार. प्रत्येक कारखान्याच्या गावात हवा मोजायचं यंत्र बसलं, या गावात शाळेच्या गच्चीवर. आकडा रेषेच्या वर गेला तर कारखान्याला टाळं. सुटकेच्या वाटा दोन. एक तर धूर चुन्याच्या पाण्यानं धुऊन मगच बाहेर सोडायचा, नाहीतर धुराडं इतकं उंच करायचं की धूर वरच्या वर निघून जाईल आणि विरून जाईल. धूर धुवायचं यंत्र महाग, विटा स्वस्त. मालक कुठल्या वाटेनं जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मॅनेजरनं मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी ते काम असं केलं, की तसं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. भट्टी बंद ठेवून परांची बांधली, आतून आगविटा, बाहेरून पक्क्या विटा, थरावर थर, आणि प्रत्येक थराला ओळंबा स्वतः सोडून बघायचे. बायकोसाठी जे करता आलं नाही ते या विटांत चाललं होतं. आणि शेवटच्या थरांपाशी पोचल्यावर एक दिवस त्यांनी मान वळवली तर समोर, अगदी डोळ्यांच्या रेषेत, डोंगराच्या चढावर लेकीचं घर.

केवढा आनंद झाला त्यांना. खाली उतरून त्यांनी पहारेकऱ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगितलं, वरून माझ्या लेकीचं घर दिसतं. लेकीला निरोप पाठवला, मी वर असेन त्या दिवशी लाल चादर वाळत घाल. दुसऱ्या दिवशी चादर दिसली. मिस्त्रींनी थापी हलवली. इतक्या लांबून थापी काय दिसणार, पण हलवली.

भट्टी पेटली, आणि त्या हिवाळ्यात गावानं निळं आभाळ बघितलं. खोटं कशाला बोला, चमत्कारच होता. म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बाहेर बसली, चादरी पांढऱ्या वाळल्या, शाळेवरचा आकडा रेषेच्या खाली जाऊन बसला. मोठे साहेब आले, भाषण झालं, आणि मिस्त्रींच्या सदऱ्याला एक बिल्ला लावला गेला. बिल्ला लावून ते तडक लेकीकडे गेले. कितीतरी वर्षांनी मिस्त्री हसले ते त्या दिवशी.

लेक तेव्हा खोकत होती. सर्दी, म्हणाली.

ती सर्दी पुढच्या हिवाळ्यातही होती. डागडुजीसाठी भट्टी बंद ठेवून मिस्त्री धुराड्यावर चढले की लाल चादर नेमानं दिसायची, त्यामुळे त्यांच्या मनाला शांतता असायची. मग एकदा जावईच खाली आला. "बाबा, तिला रात्र बसून काढावी लागते. तुम्हाला सांगू नका म्हणते, पण आता माझ्याच्यानं राहवेना." मिस्त्री तसेच निघाले.

रोपवाटिकेत पानांच्या कडा करपल्या होत्या. अंगणातल्या दोरीवर लाल चादर होती, तिच्यावर पिवळे डाग. मिस्त्रींनी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं. मग ते अंगणात उभे राहिले आणि समोर बघितलं. समोर, अगदी डोळ्यांच्या रेषेत, धुराड्याचं तोंड. त्यातून निघालेला धूर ना वर जात होता ना खाली. लेव्हल लावून आखावा तसा सरळ या अंगणाकडे येत होता. जिभेवर ती जुनी नाण्याची चव आली.

आयुष्यभर उंची मोजून पोट भरलेला माणूस. जिथून आपल्याला घर सरळ दिसतं तिथून धूरही घरात सरळ जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आनंदात होते ना.

लेक उशीला टेकून बसली होती. "तुला माहीत होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या हिवाळ्यापासून." मधे तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. "तुम्ही बिल्ला लावून आला होता. किती हसत होता, बाबा. कसं सांगणार?"

"आणि चादर?"

"तुम्ही वर एकटे असता. वाट बघता."

मिस्त्रींना रडू फुटलं. लेकीनंच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यांनी तिला खाली आणलं. काय दैव बघा, ज्या गावातून तिला पळवलं होतं तिथेच, धुराड्याच्या पायथ्याशी, ती सुधारायला लागली. पण वर नवरा, मुलगी, रोपं. रोपांची जागा कोण विकत घेणार, आणि ती सोडून जावई करणार काय? थंडी ओसरायच्या आत ती परत गेली आणि पुन्हा आडवी झाली. डॉक्टर मिस्त्रींना बाजूला घेऊन म्हणाले, असा आणखी एक हिवाळा ही काढणार नाही.

मिस्त्री हवेच्या कार्यालयात गेले. साहेब चांगला होता, त्यानं खुर्ची दिली. "तुमच्या गावचा आकडा तर उत्तम आहे," तो म्हणाला.

"माझी लेक वरच्या वाडीत असते."

"वाडीत यंत्र नाही."

"यंत्र नाही, पण माणसं आहेत."

"मोजल्याशिवाय मला काही करता येत नाही हो, मिस्त्री. माझे हात बांधलेले आहेत."

"मग मोजा."

मिस्त्रींनी त्याचा पिच्छा सोडला नाही. त्या दारात चपला झिजवल्या, लोकांची बोलणी खाल्ली. ज्या धुराड्यानं बिल्ला दिला त्याच्यावरच उलटला, असं कारखान्यात लोक तोंडावर म्हणायला लागले. शेवटी एकदाची यंत्राची गाडी वाडीत आली, लेकीच्या घरापाशी उभी राहिली, आणि आकडा असा निघाला की मोजणाऱ्यानंच तोंडाला फडकं बांधलं. कारखान्याला हुकूम आला. हिवाळ्याआधी हे थांबवा, नाहीतर टाळं.

मिस्त्रींना वाटलं, जिंकलो. आता धूर धुवावाच लागेल. ते कारखान्यात गेले तर मॅनेजर त्यांचीच वाट बघत होता.

"बसा, मिस्त्री. धुराडं आणखी चढवायचंय. वाडीच्या वरून, डोंगराच्याही वरून धूर पार पलीकडे गेला पाहिजे."

"धुवायचं यंत्र?"

"त्याचा विषय काढला तर मालक भट्टीच विझवतील. मग अख्खं गाव तुमच्या दारात येईल, त्याला काय सांगाल? आणि विटांचं काम हिवाळ्याआधी होतं. यंत्र यायला दोन हिवाळे." तो थांबला. "तुमच्या लेकीकडे दोन हिवाळे आहेत का?"

मिस्त्रींनी खिडकीतून डोंगराकडे बघितलं. मग म्हणाले, "डोंगरापलीकडे काय आहे?"

"काही नाही. नकाशावर काही नाही."

त्यांनी जावयाला विचारलं. "रान असेल," जावई म्हणाला, "आमच्याकडचं कुणी कधी तिकडे गेलेलं नाही." पहारेकऱ्याला विचारलं, डॉक्टरांना विचारलं. जो तो म्हणाला, रान. मिस्त्रींनी तो शब्द धरून ठेवला. एक दिवस डोंगर चढून स्वतः बघून यावं, असंही त्यांच्या मनात आलं होतं. गेले नाहीत. काम घाईचं होतं, असं ते म्हणायचे.

भट्टी विझली, परांची पुन्हा चढली. या वेळी मिस्त्री कुणाशी बोलत नव्हते. लेकीचं घर डोळ्यांच्या रेषेत आलं, मग हळूहळू खाली गेलं. लाल चादर आता वरून दिसायची. काम संपत आलं त्या सकाळी हवा स्वच्छ होती. ओळंबा सोडायला ते वाकले, उठले, आणि डोंगराच्या माथ्यावरून त्यांची नजर पलीकडे उतरली.

घरं होती. फार नव्हती, पण होती. एका अंगणात दोरी होती आणि दोरीवर कपडे. कुणीतरी बाई, अगदी कणाएवढी, हात वर करून कपडे झटकत होती.

मिस्त्री विटेवर बसले. खालच्या गड्यानं कप्पीचा दोर हलवून विचारलं, विटा पाठवू का. गड्यानं पुन्हा दोर हलवला. खाली उतरून मॅनेजरला सांगता आलं असतं. साहेबाला सांगता आलं असतं, की पलीकडे मोजा. मग मोजणी, मग हुकूम, तोवर हिवाळा. त्यांनी एकदा खाली लाल चादरीकडे बघितलं, एकदा पलीकडच्या दोरीकडे. बाईचे कपडे वाळत घालून झाले होते, ती घरात गेली. मिस्त्रींनी दोर दोनदा ओढला. विटा वर आल्या, त्यांनी थर पुरा केला.

भट्टी पेटली. धूर वाडीच्या वरून, कुणाला न शिवता, डोंगर ओलांडून निघून गेला. शाळेचा आकडा चांगला, वाडीचा आकडा चांगला. पुन्हा मोठे साहेब आले, पण मिस्त्री समारंभाला गेले नाहीत. बरं नाही म्हणून कळवलं.

त्या हिवाळ्यात लेक अंगणात चालायला लागली. मिस्त्री भेटायला गेले तेव्हा चहा तिनं स्वतः केला, आणि नात मांडीवर येऊन बसली.

"बाबा, तुम्ही सांगितलंच नाही," लेक म्हणाली. "आता इतक्या वरून काय दिसतं? डोंगरापलीकडचं दिसतं?"

मिस्त्री कपात बघत राहिले.

"काही नाही गं. रान आहे."

"बरं झालं," लेक म्हणाली. "माझ्या मनाला तेवढंच खात होतं." आणि तिनं सावकाश, पोटभर श्वास घेतला. मधे कुठे अडकला नाही. मिस्त्रींनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि कप खाली ठेवला.