दुसऱ्या बाराची वाट

धाड गावच्या रस्त्यावर हाताने पॅडल मारायची तीनचाकी सायकल चालवणारा एक निवृत्त फौजी मला भेटला. त्याला एक पाय नव्हता. मीही मोठ्या ऐटीत बरोबरीने सायकल हाकत होतो. तेवढ्यात पिकातले रोही, म्हणजे नीलगायी, पळवायला कुणीतरी पाइपच्या बंदुकीचा बार काढला. क्षणात फौजीने मला खाली खेचलं; मी नालीत आणि माझ्यावर तो. त्याचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं.

"रगत नाही न, भाऊ?"

"कोनी रोही हाकलून राह्यलं हो."

"डोक्याले समजते, आंगाले कोन सांगन? डॉक्टरनं सायकल सांगतली, पन तीन रविवार बार आयकला का इथूनच वापस गेलो. आज दुसरा बार आयकूनच पुढं जातो."

सायकलवर चढून तो घामेजल्या मुठींनी पॅडल धरून बसला. बार झाला. त्याचे डोळे मिटले, पण मुठी सुटल्या नाहीत. मग चाकं पुढे सरकली.

मी अजून नालीतच होतो.