मायनं केलेला लॉनचा रोवणा

माझ्या माहेरच्या बायकांनी माझी बाग मुळासकट उपटली, आणि तीही प्रेमानं. रागानं उपटली असती तर मी भांडले तरी असते!

आधी लॉनबद्दल सांगायला हवं. भंडाऱ्याला घर बांधलं तेव्हा आमच्या ह्यांनी पुढच्या अंगणात लॉन लावलं. नागपूरला कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यापुढे पाहिलं आणि मनानं घेतलं. आता आमच्याकडचा उन्हाळा! मे महिन्यात माणसं वाळतात, तिथे त्या गवताची काय कथा? हे कचेरीतून आले की चहाच्या आधी पाइप हातात. रविवारी कैचीनं कडा कापायच्या (माझी शिवणाची कैची! धार गेली ती गेलीच). लॉनवर चप्पल घालून जायचं नाही, खाट टाकायची नाही, कुरड्या वाळवायच्या नाहीत. मग अंगण असून करायचं काय? तर पाहायचं.

अशात मी एका शिबिराला गेले. मी मास्तरीण, कुणी मला काही सांगितलं की दुसऱ्याला सांगितल्याशिवाय जेवण जात नाही. तिथे कळलं की लॉनवर मधमाशी येत नाही, फुलपाखरू येत नाही. आपल्या मातीतली झाडं लावा, ती आपोआप येतात. घरी पोचेपर्यंत मी तज्ज्ञ झाले होते.

"अवो, हे लॉन काढायचं."

"काहून? त्यानं तुझं काय बिघडवलं?"

"त्याच्यावर एक किडा बसत नाही!"

"किडे बसावे म्हणून कोणी अंगण ठेवते का?"

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हासुद्धा झाल्या नसतील, एवढ्या वाटाघाटी त्या अंगणावरून आमच्यात झाल्या. शेवटी शर्त ठरली. पोळ्यापर्यंत अंगणात फुलपाखरं आली तर अंगण कायमचं माझं. नाही आली तर लॉन परत, आणि मी या विषयावर जन्मात तोंड उघडायचं नाही. (पहिल्या अटीपेक्षा मला ही दुसरीच जड गेली.) निकाल द्यायला शेजारच्या बोरकरकाकू. त्या कुणाच्याच बाजूच्या नव्हत्या, कारण त्यांचं दोघांशीही पटत नव्हतं.

मी लॉन खोदलं. तरोटा आणला, तेरडा, रानतुळस, रुई आणली. आणि खुळखुळा तर भरपूर लावला. पिवळी फुलं, वाळलेली शेंग हलवली की खुळखुळ वाजते. शेवटी कंबर धरली म्हणून लॉनचे काही पुंजके तसेच राहिले. ह्यांना सांगितलं, "तुमची आठवण म्हणून ठेवले."

पाऊस लागला आणि बाग अशी फोफावली, की फाटकातून दार दिसेना. मी खूश! बोरकरकाकूंनी विचारलं, "मास्तरीणबाई, गावाले गेल्या होत्या का? अंगणात जंगल माजलं नं!"

जंगल माजलं, पण फुलपाखरू काही येईना. मच्छर आले. एक मुंगूस येऊन गेलं. हे रोज संध्याकाळी पायरीवर बसून विचारायचे, "आले का तुझे पाहुणे?"

"येऊन राहिले. रस्त्यात हाय," मी ठासून सांगायची. आतून मात्र जीव टांगणीला लागला होता. अंगण गेलं तर गेलं, पण ह्यांचं ते रोजचं हसणं जन्मभर कोण ऐकणार?

पोळा तोंडावर आला तशी आसगावहून माझी माय आणि काकी आल्या. शेतातला रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला होता, हात रिकामे होते. मायला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. म्हणजे, 'बाग पाहायला ये' असं सांगितलं होतं. कुठली झाडं म्हणजे बाग, हे सांगायचं राहिलं. मला वाटलं, त्यात काय सांगायचं? त्यांना घरात बसवून मी शाळेत गेले. धानात निंदण करण्यात जन्म गेलेल्या दोन बायका, आणि समोर कमरेएवढं तण!

मी परत आले तर फाटकाच्या आतच हिरवा ढीग. पलीकडे माझं अंगण नव्हतंच, धानाची बांधी होती! चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला, आत चिखल, चिखलावर बोटभर पाणी, आणि त्या पाण्यात लॉनचे ते पुंजके सुटे करून सरळ ओळींत रोवलेले. लुगडी खोचून माय आणि काकी वाकून शेवटची ओळ लावत होत्या.

"आली का?" माय हरखून म्हणाली. "पाह्य, जवाईबापूचं गवत वाचवलं!"

"माय, हे काय केलं वो?"

"काय केलं म्हणजे? तणानं सारं गवत खाल्लं होतं. एवढ्या हौसेनं लावलं त्या माणसानं, अन् तू पाहूनही नाही राहिली! आम्ही निंदून काढलं, अन् उरलं त्याचा रोवणा करून टाकला."

"तरोट्याचे शेंडे तेवढे खुडून ठेवले," काकी म्हणाली. "रात्री भाजी करू."

"अवो, तोच तं बगीचा होता!"

मायनं काकीकडे पाहिलं. काकीनं मायकडे पाहिलं.

"कोणता?"

"जो उपटला तो!"

काकी जवळ आली, माझ्या कपाळाला चिखलाचा हात लावून पाहिला आणि हळूच म्हणाली, "बाई, शाळेत काम लय पडते का तुले?"

मी पायरीवर बसले आणि रडले. खरंच रडले! माय बिचारी घाबरली. "मले काय मालूम, पोरी! मी तं तुझं बरं कराले गेली," म्हणत ढिगातलं एकेक रोप उचलून पाहू लागली. कामच इतकं चोख, की एकाचंही मूळ धड राहिलं नव्हतं.

तेवढ्यात हे आले. फाटकातच थबकले. त्यांचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आमच्या लग्नातसुद्धा नाही. सायकल तिथंच टाकून त्यांनी चिखलात जाऊन सासूच्या पायाला हात लावला. "मामी, तुम्ही देवमाणूस आहा!" रात्री तरोट्याची भाजी पुन्हा पुन्हा मागून खाल्ली. (माझी बाग होती ती!) आणि ढीग? "पोळा झाला की फेकू. घाई काय हाय?"

पोळ्याच्या दिवशी सकाळीच हे बोरकरकाकूंना बोलवायला गेले. मी मान ताठ ठेवून दारात उभी. हरायचं तर ऐटीत हरायचं.

काकूंनी फाटक लोटलं आणि किंचाळल्या, "अगं माय!"

वाळत पडलेल्या त्या ढिगावर फुलपाखरं होती. काळी, तांबूस, निळसर ठिपक्यांची. खुळखुळ्याच्या सुकलेल्या काड्यांना इतकी चिकटलेली, की काडी दिसत नव्हती. काही माझ्या पदरावर येऊन बसली. (त्या जातीच्या फुलपाखरांना सुकत्या खुळखुळ्याचा रस लागतो, हे मी मागाहून वाचलं. लोकांना मात्र आधीच ठाऊक असल्यासारखं सांगते.)

"काकू, आली की नाही?" माझा आवाज एकदम मोठा झाला.

"बागेत कोठी आली? कचऱ्यावर आली!" हे ओरडले.

"शर्त अंगणाची होती. कचरा कोणाच्या अंगणात हाय?"

काकूंनी ढीग पाहिला, फाटक पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. "अंगणातच हाय वो. अंगण बाईचं!"

मायनं मला अशी कवटाळली, की जणू मी दहावी पास झाले. हे आपल्या ओळींकडे पाहत उभे राहिले. पाण्यात उभं राहून लॉन पिवळं पडलं होतं. ते बिचारं काही धान नव्हतं.

"अंगण तुझं," हे शेवटी म्हणाले. "पण एक मान्य कर. तू लावलं, पाणी घातलं, रोज वाट पाह्यली, तवा एक नाही आलं. मामीनं उपटलं, तं बारात आली!"

हे मी अजून मान्य केलेलं नाही. अंगण माझं आहे. खुळखुळा आपला आपण उगवतो, माय दर पोळ्याला येऊन त्यातला थोडा उपटून वाळत टाकते, फुलपाखरं येतात. माझ्याकडे काम एकच उरलंय: शिबिरांमध्ये जाऊन, हे सगळं मी कसं केलं ते सांगायचं.