मागे कुणाला बसवू नका

माझ्या नवऱ्याच्या खांद्याजवळचं हाड माझ्यामुळे मोडलं, आणि त्याचा दोष मी दीड महिना दुसऱ्या माणसाच्या अंगावर राहू दिला. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं आहे. लिहिताना मात्र हात अजून अडखळतो.

रत्नागिरीत एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. बेचाळिसाव्या वर्षी मी मोठी मोटरसायकल घेतली, आठशे सीसीच्या वरची, सेकंडहँड, कोल्हापूरच्या एका माणसाकडून. साळवी स्टॉपच्या सिग्नलला थांबले की शेजारच्या रिक्षातली माणसं आधी गाडीकडे बघायची आणि मग हेल्मेटच्या आत कोण आहे ते बघायला मान वाकडी करायची. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

गाडी वळणात जड वाटायची. मी वाचायला लागले, आणि सगळा ठपका चाकांवर ठेवून मोकळी झाले. चाकातलं वजन हे टाकीतल्या वजनासारखं नसतं. ते फिरतं, म्हणून वेग घेताना, ब्रेक मारताना, गाडी कलती करताना दरवेळी आडवं येतं. त्यातून सस्पेन्शनच्या खाली असल्यामुळे प्रत्येक खड्ड्याशी त्याला स्वतःलाच झुंजावं लागतं. बारावीला हेच तर मी शिकवते! रोज संध्याकाळी पेपर तपासायचे सोडून मी हलक्या चाकांचे फोटो बघत बसायचे. नवरा म्हणायचा, "साड्यांसाठीसुद्धा एवढा वेळ घालवला नाहीस कधी."

माझी गाडी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये दुरुस्तीला जायची. तिथले मेस्त्री साठीच्या आसपासचे. उमेदीची वर्षं मुंबईत मोठ्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये काढून परत आलेले. गाडी आली की पाना हातात घेण्याआधी ते तिच्याजवळ उकिडवे बसायचे आणि नुसतं बघायचे. मी त्यांना चाकांबद्दल विचारलं.

"हलका चाक चांगलाच," ते म्हणाले. "पण घेतलात तर घडवलेला घ्या, फोर्ज्ड. धातू वितळवून साच्यात ओतलेला हलका चाक आपल्या रस्त्याला नको. फोर्ज्ड चाकाच्या आतल्या अंगाला किती वजन पेलेल त्याचा ठसा असतो. तो बघायचा. बाकी रंगबिंग नंतर."

त्यांनी सांगितलेली चाकं बाहेरच्या देशातून यायची होती. चार महिने थांबा, म्हणाले. मला चार महिने धीर नव्हता. आमचा रविवारी फिरायला जाणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मी एकटीच बाई, आणि पुढच्या महिन्यात सगळे आंबा घाटात जाणार होते. मी ऑनलाइन शोधलं. 'फोर्ज्ड' असं लिहिलेली, तांब्याच्या रंगाची, मेस्त्रींनी सांगितलेल्यांपेक्षाही हलकी चाकं मिळाली. पंधरा दिवसांत घरी आली. बाथरूममधल्या वजनकाट्यावर मी ती ठेवून पाहिली आणि आकडा नवऱ्याला हाक मारून दाखवला.

खोकी घेऊन मी मिरजोळ्याला गेले, तेव्हा ग्रुपमधले दोघं तिथे आधीच बसलेले होते. मेस्त्रींनी एक चाक हातात घेऊन फिरवलं, आतून अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "एक दिवस ठेवून जा बाई. मी नीट बघतो."

एवढंच म्हणाले ते. पण दोघांच्या देखत कुणी माझी वही तपासायला ठेवून घ्यावी तसं मला वाटलं. मी हसत म्हटलं, "मेस्त्री, तुम्ही शिकलात किती?"

आणि उत्तराची वाट न बघता मी बोलत सुटले. फिरत्या वस्तूचं जडत्व, त्रिज्येचा वर्ग, सगळं. वर्गात बोलते तसं, हात हलवून. ते दोघं हसले. माझ्या बाजूने हसले, म्हणून मी आणखी बोलले. मेस्त्री फडक्याने बोटं पुसत उभे होते. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होते.

ते दोघं चहाला बाहेर गेले. मग मेस्त्रींनी मला चाकाजवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ही रेघ बघा. ही साच्याची. हा फोर्ज्ड नाही. ठसापण नाही कुठे. परत पाठवा."

सगळ्यांसमोर सांगता आलं असतं त्यांना. ते थांबले होते.

मी म्हटलं, "तुम्ही लावणार नसाल तर कोल्हापूरला नेऊन लावते."

त्यांनी चाक भिंतीला टेकवून ठेवलं. "तिकडे कुणी कसाही बसवील. त्यापेक्षा मीच लावतो. पण एवढा ऐका. परत पाठवायचा बघा. तवर एकट्याच चालवा, सावकाश. मागे कुणाला बसवू नका."

"बरं," मी म्हटलं.

नवी चाकं लावून मी निघाले आणि गाडी खरोखरच बदलली होती. मनात वळण यायच्या आधी वळत होती. म्हणजे माझंच बरोबर होतं! तीन आठवडे मी हेच स्वतःला सांगत होते. घाटात जाऊन आले. सगळ्यांनी चाकांचे फोटो काढले.

मग एका रविवारी सकाळी नवरा म्हणाला, "आज मलाही ने की. पावसला जाऊन येऊ." तो पोस्टात आहे, शांत माणूस. मोटरसायकलची त्याला भीतीच वाटते, पण माझ्या हौसेत आपणही असावं असं त्याला वाटायचं. त्याने जुनं हेल्मेट शोधून काढलं, पुसलं. मला मेस्त्रींचं वाक्य आठवलं. आठवलं नाही असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण 'नको' म्हटलं की 'का?' आलं असतं, आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं म्हणजे चाकं चुकली हे कबूल करणं. मी म्हटलं, "घट्ट धरून बस."

भाट्याचा पूल ओलांडून पुढे एका वळणावर पाइपलाइनसाठी रस्ता खणून बुजवलेला होता. कडा तशीच उंच राहिली होती. वेग जास्त नव्हता. पुढचं चाक आपटलं आणि काहीतरी कडकन वाजलं. टायरमधली हवा एका दमात गेली, हँडल हातात दगडासारखं झालं. मी रस्त्यावर घसरत गेले. माझं कोपर तेवढं खरचटलं. नवरा उडून रस्त्याकडेच्या गडग्यावर, जांभ्या दगडाच्या बुटक्या भिंतीवर, आपटला.

हॉस्पिटलमध्ये ग्रुपमधली माणसं धावत आली. कुणीतरी विचारलं, "चाकं मेस्त्रींनीच बसवली होती ना?"

"हो," मी म्हटलं.

एका शब्दाचं उत्तर, आणि तेही खरं. त्याच्या पुढचं मी बोलले नाही. संध्याकाळपर्यंत मेस्त्रींनी चाक नीट बसवलं नव्हतं, असं सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. मी दुरुस्त केलं नाही. मनाशी म्हटलं, आधी नवऱ्याचं ऑपरेशन होऊ दे.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री शहाळी घेऊन आले. चपला दाराबाहेर काढून आत आले. नवरा, ज्याने कधी शेजारच्या कुत्र्यालासुद्धा हाड म्हटलं नसेल, तो उठून बसायला धडपडत ओरडला, "काय बघायला आलात? जिवंत आहे का ते? निघा इथून!"

मी खिडकीपाशी उभी होते. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काही बोलते का, एवढंच ते बघत होते. मी टेबलावरच्या औषधांच्या चिठ्ठ्या सारख्या करायला लागले. शहाळी कोपऱ्यात ठेवून ते म्हणाले, "काळजी घ्या," आणि गेले.

त्या शहाळ्यांचं पाणी मी नवऱ्याला पाजलंसुद्धा.

त्यानंतर महिनाभर मिरजोळ्याकडे जायचं मी टाळलं. ग्रुपमधल्यांनी आपापल्या गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली होती, ते मला कानावर येत होतं. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. आणि दर वेळी आधीपेक्षा सांगणं अवघड झालेलं असायचं.

मग एके दिवशी दुपारी नवऱ्याने माझ्यासमोर एक कागद ठेवला. उजवा हात गळ्यात अडकवलेला, म्हणून डाव्या हाताने लिहिलेला, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात. मेस्त्रींविरुद्ध ग्राहक मंचाकडे तक्रार होती. "गाडी तुझ्या नावावर आहे," तो म्हणाला. "सही तुझी लागेल. असल्या माणसाला सोडायचं नाही."

मी कागद दोनदा वाचला. म्हटलं, "त्यांनी मला सांगितलं होतं."

"काय?"

"चाक खोटं आहे, परत पाठव. आणि मागे कुणाला बसवू नको."

"कधी?"

"लावलं त्याच दिवशी."

आम्ही कॉलेजपासूनचे. एवढ्या वर्षांत मी त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. हाडाबद्दल तो काहीच बोलला नाही. कागद आपल्याकडे ओढून घेत म्हणाला, "आणि तू मला त्या माणसाला हाकलू दिलंस? तू तिथे उभी होतीस."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर तो घरात नव्हता. गळ्यात हात बांधलेला तसाच रिक्षा करून एकटा मिरजोळ्याला जाऊन आला होता. मला ने, असं म्हणाला नाही.

त्याच्या नंतर एक दिवसाने मी गेले. शेडमध्ये एकच स्कूटर होती. मेस्त्री म्हणाले, "तुमचे मिस्टर येऊन गेले. माफी मागत होते. मी म्हटला, तुमचा काय चुकला?"

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "आणि त्या दिवशी मी तुम्हाला शिक्षणाबद्दल जे विचारलं, तेही."

ते स्कूटरचा फिल्टर साफ करत राहिले. मग म्हणाले, "बाई, ता मी विसरलो असतो. दवाखान्यात तुम्ही बोलाल असा वाटला होता." फिल्टर झटकून म्हणाले, "आणि माझापण चुकला. मी लावायला नको होता."

त्यांनी स्वतःकडे घेतलेला तो वाटा मला सगळ्यात जड गेला. मी नको नको म्हणत राहिले. ते म्हणाले, "आधीचे ओरिजिनल चाक घेऊन या. गाडी उभी करून देतो." त्यांनी चहा मागवला नाही. पूर्वी मागवायचे.

पुढच्या रविवारी ग्रुप जमतो तिथे मी रिक्षाने गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, काही न गाळता. मला वाटलं होतं, कुणीतरी चिडेल. एकजण म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या, होतं असं." दुसऱ्याने पाठीवर थोपटल्यासारखं केलं. पाच मिनिटांत बोलणं टायरवर गेलं. इतक्या सहज सोडून दिलेलं बघून मी तिथल्या तिथे घामाने भिजले.

तिघंजण पुन्हा मेस्त्रींकडे जायला लागले आहेत. त्या दिवशी माझ्या बाजूने हसलेल्या दोघांपैकी एकजण अजून गाडी कोल्हापूरला नेतो. मी त्याला दोनदा फोन केला. तो म्हणतो, "तुमचं पटलं हो मॅडम, पण आता तिकडची सवय झालीय."